नैसर्गिक आपत्ती संशोधन केंद्राचा संवाद आराखडा कसा तयार करावा: कोल्हापूर जिल्ह्याच्या संदर्भात

गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, तर शिरोळ हा जिल्ह्यातील सर्वांत कमी पावसाच्या तालुक्यांपैकी एक आहे. तरीही महापुराचे पाणी सर्वाधिक काळ साचून राहते ते शिरोळमध्येच. या एका वस्तुस्थितीचा उलगडा करण्यासाठी घाटमाथ्यावरील पावसाचा अभ्यासक, नदीच्या प्रवाहाचे गणित मांडणारा अभियंता, पूररेषेतील बांधकामांची नोंद ठेवणारा नगररचनाकार आणि माणसे घर सोडायला का तयार होत नाहीत हे समजून घेणारा समाजशास्त्रज्ञ, असे सारेच लागतात. म्हणून नैसर्गिक आपत्तींचा अभ्यास करणारे केंद्र अनेक विद्याशाखांचे असावे लागते आणि नेमके याच कारणाने त्याचे बोलणे विस्कळीत होण्याचा धोकाही मोठा असतो. असे केंद्र चालवणाऱ्यांनी किंवा सुरू करू पाहणाऱ्यांनी आपला संवाद आराखडा कसा लिहावा, याचे मार्गदर्शन करण्यासाठी हा लेख आहे.

सुरुवात निर्णयांच्या यादीपासून करावी

बहुतेक आराखडे ‘केंद्राला काय सांगायचे आहे’ या प्रश्नापासून सुरू होतात आणि मग माहितीपत्रके, व्याख्याने व चित्रफिती यांची यादी तयार होते. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा हवा: आपले ऐकणाऱ्या माणसाला कोणता निर्णय घ्यायचा आहे, आणि तो घेण्यासाठी त्याच्या हाती किती तास असतात? प्रयाग चिखली किंवा आंबेवाडी येथील शेतकऱ्याला गोठ्यातील म्हशी हलवायच्या असतात. त्यासाठी ट्रॉली, वैरण, निवारा आणि दूध घालण्याची पर्यायी सोय लागते, आणि हे सर्व रस्ता पाण्याखाली जाण्यापूर्वी व्हावे लागते. शाहूपुरीतील व्यापाऱ्याला तळमजल्यावरील माल वर चढवायचा असतो. राधानगरी किंवा भुदरगड तालुक्यातील डोंगरउतारावरच्या वाडीला रात्रीच्या मुसळधार पावसात तेथेच थांबायचे की शाळेच्या इमारतीत जायचे, हे ठरवायचे असते. रुग्णालयाच्या प्रशासनाला प्राणवायू, डिझेल आणि पिण्याच्या पाण्याचा साठा किती दिवसांचा ठेवायचा, याचा अंदाज हवा असतो, कारण पुरात उपसा केंद्रे पाण्याखाली गेली की शहराचा पाणीपुरवठाच बंद पडतो.

प्रत्येक निर्णयापुढे चार गोष्टी लिहाव्यात: निर्णय कोणाचा, त्यासाठी किती वेळ आधी माहिती हवी, ती कोणाकडून आली तर विश्वास बसेल, आणि ऐकणारा मनात कोणत्या मापाने मोजतो. चौथी गोष्ट हमखास राहून जाते. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजली जाते. तेथे ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी आहे, हे कोल्हापूरच्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. परंतु नदीकाठच्या पेठांतील माणूस पाणी जामदार क्लबपर्यंत आले की गायकवाड वाड्यापर्यंत, यावरून हालचाल करतो, आणि गावोगावची अशी माणसाळलेली मापे वेगवेगळी असतात. केंद्राने पावसाळ्यापूर्वी नदीकाठच्या प्रत्येक गावात वयस्कर ग्रामस्थांसह फिरून २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुराच्या खुणा मोजाव्यात व राजाराम बंधाऱ्यावरील पातळी आणि गावातील खूण यांचा मेळ घालणारा तक्ता तयार करावा. ‘बंधाऱ्यावर अमुक फूट पाणी झाले की आपल्या गावचा अमुक रस्ता बंद होतो’ असे एक वाक्य ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवलेले असेल, तर त्याचा उपयोग चकचकीत अहवालापेक्षा कितीतरी अधिक होतो. शिरोळ तालुक्यासाठी मात्र हा एकच तक्ता पुरेसा ठरणार नाही. नृसिंहवाडीला कृष्णा आणि पंचगंगा यांचा संगम होतो, आणि कृष्णा चढलेली असताना पंचगंगेचे पाणी पुढे सरकत नाही, मागे तुंबते. त्यामुळे कोल्हापुरात पाणी उतरू लागले तरी खाली ते चढत असू शकते. ‘पूर ओसरू लागला’ असा जिल्हाभरासाठी एकच संदेश देणे येथे धोक्याचे आहे.

अधिकाराची सीमा लेखी ठरवावी

हवामानाचा इशारा भारतीय हवामान विभाग देतो, धरणांच्या विसर्गाची माहिती जलसंपदा विभाग देतो, आणि स्थलांतराचा आदेश आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या कक्षेत येतो. संशोधन केंद्राने यांपैकी काहीही स्वतःच्या नावाने जाहीर करू नये. पुराच्या रात्री दोन ठिकाणांहून दोन आकडे आले, तर माणसे सोयीचा आकडा खरा मानतात आणि घरातच थांबतात.

याचा अर्थ मतभेद दडपावा, असा नाही. केंद्राच्या गणिती प्रारूपाने अधिकृत अंदाजापेक्षा अधिक पातळी दाखवली, तर ती प्रथम कोणाला, किती वेळात आणि कोणत्या स्वरूपात कळवायची, हे आराखड्यात नेमके लिहिलेले असावे: जिल्हा नियंत्रण कक्षाला आधी दूरध्वनी, लगेच लेखी टिपण, आणि त्या टिपणाची वेळेसह नोंद. समाजमाध्यमावर ते आधी टाकू नये. पूर गेल्यानंतर दोन्ही अंदाज आणि प्रत्यक्ष पातळी शेजारी शेजारी ठेवून प्रसिद्ध करावी, मग चूक कोणाचीही निघो. जनतेला मात्र वर्षभर एकच गोष्ट शिकवावी, ती म्हणजे अडचणीत १०७७ किंवा ११२ हा क्रमांक फिरवावा. केंद्राच्या कार्यालयाचा नव्हे.

आधी आपसांत एकमत

केंद्रातील अभ्यासकांची भाषा एक नसते. ‘अतिवृष्टी’ म्हटले की महसूल खात्यासमोर मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस उभा राहतो, कारण पंचनामे आणि भरपाई त्यावर ठरते. हवामानशास्त्रज्ञ मात्र ६४.५ मिलिमीटरपासून जोरदार, ११५.६ पासून अति जोरदार आणि २०४.५ पासून अत्यंत जोरदार अशा पायऱ्यांनी बोलतो. घाटात ६५ मिलिमीटर पाऊस ही जुलैमधील नेहमीची गोष्ट असते, तर शिरोळमध्ये तेवढ्या पावसाने उभे पीक आडवे होते. म्हणून दोन-तीन पानांची शब्दसूची तयार करावी आणि तिच्यावर प्रत्येक शाखेच्या प्रमुखाची सही घ्यावी. हे काम कंटाळवाणे आहे, पण ते टाळणाऱ्या केंद्राला पुढे प्रत्येक पत्रकार परिषदेत त्याची किंमत मोजावी लागते.

‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ हा शब्दप्रयोग त्या सूचीतून काढूनच टाकावा, असे माझे ठाम मत आहे. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या पुढे गेले आणि दोनच वर्षांनी, २०२१ मध्ये, पुन्हा गेले. ज्यांनी दोन्ही वेळा चिखल उपसला, त्यांच्यापुढे हे शब्द उच्चारले की शास्त्रावरचा विश्वासच उडतो. त्याऐवजी दरवर्षी असा पूर येण्याची शक्यता शंभरांत एक आहे, असे म्हणावे, आणि त्याला जोडूनच सांगावे की तीस वर्षे फेडायच्या गृहकर्जाच्या काळात तो निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे चारांत एक इतकी होते. पावसाचे स्वरूप आणि नदीपात्र बदलत असल्यामुळे हा हिशेबही पुन्हा तपासावा लागतो, हे तेथेच नमूद करावे.

क्युसेकचेही, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी वाहते त्या मापाचेही, तसेच आहे. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत; पाणी ठरावीक पातळीला पोहोचले की ते आपोआप उघडतात आणि एका दरवाजातून १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला सुमारे ४० हजार लिटर पाणी भोगावती नदीत येते. ‘दरवाजे उघडले’ एवढीच बातमी भीती पसरवते. हे पाणी कोल्हापुरात किती तासांनी पोहोचेल आणि पातळी साधारण किती वाढेल, हे सांगितल्याशिवाय केंद्रातील कोणीही विसर्गाचा आकडा उच्चारू नये, असा नियम करावा.

अनिश्चितता लपवू नये, पण मोकळीही सोडू नये

अंदाज एका आकड्यात देऊ नये आणि ‘काहीही सांगता येत नाही’ असेही म्हणू नये. केंद्राने नियंत्रण कक्षाला द्यायच्या टिपणाचा नमुना असा असू शकतो: ‘उद्या सायंकाळी सहापर्यंत राजाराम बंधाऱ्यावरील पातळी ४१ ते ४४ फुटांदरम्यान राहण्याची शक्यता आहे. घाटमाथ्यावरील पाऊस आज रात्री वाढला, तर ती वरच्या टोकाकडे जाईल. पुढील आढावा उद्या पहाटे पाच वाजता घेतला जाईल.’ यात पल्ला आहे, पल्ला कशावर अवलंबून आहे ते आहे, आणि पुढची माहिती केव्हा मिळेल तेही आहे. शहरात ऊन पडलेले असताना पंचगंगा चढत असते, कारण तिचे पाणी कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांच्या खोऱ्यांतून येते. म्हणून दुसरे वाक्य कधीही गाळू नये.

भूस्खलनाला फुटांची पट्टी नाही. माळीण येथे ३० जुलै २०१४ रोजी, तळिये येथे २२ जुलै २०२१ रोजी आणि इर्शाळवाडीत १९ जुलै २०२३ च्या रात्री जे घडले, त्यानंतर डोंगरातील प्रत्येक वाडीला आपल्याबद्दल प्रश्न पडतो, आणि तो रास्त आहे. येथे संवादाचा भर लक्षणांवर असावा: जमिनीला पडलेल्या नव्या भेगा, झाडे व विजेचे खांब कलणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे, नव्या जागी पाझर फुटणे, दारे-खिडक्या अडकू लागणे. ही लक्षणे दिसली तर कोणाला कळवायचे, याचे उत्तर एका माणसाच्या नावावर न ठेवता पोलीस पाटील, ग्राम महसूल अधिकारी (पूर्वीचे तलाठी) आणि ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) या पदांवर ठेवावे, कारण माणसे बदलतात.

भूकंपाच्या बाबतीत भाषा आणखी वेगळी हवी. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप या भागाच्या स्मरणात आहे, आणि कोयना परिसरात धक्का बसला की कोल्हापुरात चर्चा सुरू होते. भूकंपाची तारीख-वेळ आधी सांगता येत नाही, हे केंद्राने स्पष्ट सांगावे. अमुक दिवशी मोठा धक्का बसणार, असा संदेश फिरू लागला तर तासाभरात द्यायचे उत्तर आधीच लिहून ठेवावे. उरलेला सारा वेळ घरबांधणीवर बोलावे, कारण भूकंपात माणसे दगावतात ती मुख्यतः कोसळणाऱ्या बांधकामामुळे.

निरोप कोणत्या वाटेने जाईल

कोल्हापूर जिल्ह्यातील गावाला दिवसातून दोनदा एकत्र आणणारी जागा म्हणजे दूध संस्था. सकाळ-संध्याकाळ दूध घालायला घराघरातून कोणी ना कोणी येते, त्यात बायका आणि म्हातारी माणसेही असतात, आणि तेथे लावलेला फळा वाचला जातो. त्याखालोखाल देवळावरचा भोंगा, आशा सेविका, अंगणवाडी आणि तालीम मंडळे. व्हॉट्सअ‍ॅप वेगवान आहे, परंतु दोन वर्षांपूर्वीची चित्रफीत आजची म्हणून फिरते, तीही तेथेच. त्यामुळे केंद्राच्या प्रत्येक मजकुरावर तारीख, वेळ आणि ‘अमुक वेळेनंतर ग्राह्य धरू नये’ अशी ओळ असावी, आणि तीही चित्राच्या आतच. मोबाइलचे मनोरे बंद पडले तर काय, याचे उत्तर आकाशवाणी, भोंगा आणि पायी जाणारा कोतवाल यांत आहे. इचलकरंजीतील यंत्रमागांवर काम करणाऱ्या परप्रांतीय कामगारांसाठी हिंदी मजकूर आणि सीमाभागासाठी कन्नड मजकूर पावसाळ्यापूर्वीच तपासून ठेवावा.

पत्रकारांचा एक प्रश्न दरवर्षी ठरलेला असतो, तो म्हणजे कर्नाटकातील कृष्णेवरच्या अलमट्टी धरणामुळे इकडचा पूर वाढतो का, हा. २०१९ च्या महापुरानंतर राज्य शासनाने नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तरी हा विषय दोन राज्यांत आणि गावागावांत तापलेलाच आहे. केंद्राने यावर मौन बाळगू नये आणि घोषणाही देऊ नये. धरणाची कोणती पातळी आणि किती विसर्ग गृहीत धरून गणित केले, त्यातून शिरोळपर्यंत काय परिणाम दिसतो आणि कोणत्या माहितीअभावी उत्तर अपुरे राहते, हे एका पानात मांडून ते सर्वांना एकाच वेळी द्यावे. धरणाची उंची वाढवावी की नाही, हा निर्णय शासनांचा आणि न्यायपीठांचा आहे, हे वाक्य त्या पानावर असावेच.

पूर ओसरल्यावर

घरातील चिखल निघालेला नसताना प्रश्नावली घेऊन दारात जाऊ नये. पंचनामे संपल्यावर जावे, आणि जे विचारले त्याचा निष्कर्ष शोधनिबंधाआधी ग्रामसभेत मराठीत सांगावा. विचारायचे ते मोजके: पहिली माहिती केव्हा आणि कोणाकडून मिळाली, ती ऐकून काय केले, आणि निघायला उशीर झाला असेल तर कशामुळे. किती माणसांनी संदेश पाहिला, या आकड्याला फारसे महत्त्व देऊ नये. किती जनावरे वेळेत हलली आणि किती कुटुंबे रस्ता खुला असताना बाहेर पडली, यावरून आराखड्याची परीक्षा करावी. या उत्तरांवरून करायचे बदल दिवाळीनंतरच्या बैठकीत सर्व शाखांच्या प्रमुखांनी मंजूर करावेत, मार्चपर्यंत गावतक्ते आणि मजकूर दुरुस्त करावेत, आणि मेमध्ये नियंत्रण कक्ष व किमान एका नदीकाठच्या आणि एका डोंगरातील गावासह पूर्ण रंगीत तालीम घ्यावी, म्हणजे उरलेल्या त्रुटी जूनपूर्वी दूर करायला हाती काही आठवडे राहतात.