पी-व्हॅल्यू ०.०५ च्या खाली आली म्हणून लगेच नाचू नका

पीएचडीच्या सुरुवातीला माझ्या पहिल्या डेटाची पी-व्हॅल्यू ०.०७ आली (०.०५ च्या खाली आली तरच निकाल 'सिग्निफिकंट', म्हणजे दखल घेण्याजोगा मानतात) आणि मी दोन दिवस तोंड पाडून बसलो होतो. मग एक सिनियर म्हणाला, अरे दोन आउटलायर, म्हणजे बाकीच्यांपेक्षा फारच वेगळे आकडे, काढून बघ, मॉडेलमध्ये वय पण टाक. टाकलं. ०.०३! एवढा आनंद झाला की विचारू नका. आपण नक्की काय करून बसलो हे कळायला वर्ष गेलं, म्हणून नव्याने रिसर्चमध्ये येणाऱ्यांसाठी हे लिहितोय.

आधी पी-व्हॅल्यू म्हणजे काय ते डोक्यात पक्कं बसवा, इथेच भलेभले घसरतात. समजा औषधाचा काहीच परिणाम नाही, तर आपल्याला दिसला तेवढा किंवा त्याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता किती, एवढंच ती सांगते. "माझा निष्कर्ष चुकीचा असण्याची शक्यता ३ टक्के" असं ती अजिबात सांगत नाही. मी सेमिनारमध्ये छातीठोकपणे नेमकं हेच बोललो होतो आणि गंमत म्हणजे समोरच्या सगळ्यांनी माना डोलावल्या.

पटत नसेल तर कागदावर हिशोब करा. १००० कल्पना तपासल्या, त्यातल्या १०० खरंच बरोबर आहेत. पॉवर, म्हणजे खरा परिणाम असेल तर तो टेस्टला सापडण्याची शक्यता, ८० टक्के धरली तर ८० सापडतील. उरलेल्या ९०० चुकीच्या, पण त्यातल्याही ५ टक्के म्हणजे ४५ 'सिग्निफिकंट' येणारच. म्हणजे १२५ निकालांतले ४५ खोटे, ३६ टक्के! आणि सॅम्पल छोटं असलं की पॉवर पडते, मग तर विचारायलाच नको.

आता माझं प्रकरण. काहीच परिणाम नसताना २० स्वतंत्र टेस्ट चालवल्या तर निदान एक तरी ०.०५ च्या खाली येण्याची शक्यता जवळपास ६४ टक्के असते. मी २० चालवल्या नव्हत्या, पण हवा तो आकडा येईपर्यंत चालवतच राहिलो असतो हे मला माहीत आहे, आणि पी-हॅकिंग म्हणतात ते हेच. त्यात लबाडी केल्यासारखं वाटतच नाही हो, प्रत्येक पायरीला काहीतरी बरं कारण सापडतं.

बरं, ही ०.०५ ची रेघ काही निसर्गनियम नाही, संख्याशास्त्रज्ञ फिशरने १९२५ च्या पुस्तकात सोयीची म्हणून वापरली आणि ती चिकटली. २०१५ साली सायकॉलॉजीतले १०० अभ्यास परत करून बघितले, मूळचे ९७ टक्के सिग्निफिकंट होते, परत केल्यावर फक्त ३६ टक्के. त्याच वर्षी एका जर्नलने पी-व्हॅल्यूवर बंदीच घातली. मला ते टोकाचं वाटतं, कारण हवं तेच शोधायची सवय असेल तर दुसरं कुठलंही माप वाकवता येतं.

मी आता काय करतो तर डेटा हातात यायच्या आधीच अ‍ॅनालिसिस काय करणार ते लिहून ठेवतो, जमलं तर प्री-रजिस्टर करतो, म्हणजे तो आराखडा आधीच जाहीर नोंदवून ठेवतो, आणि निकाल आला की आधी फरक किती मोठा आणि कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा फरक साधारण कुठून कुठपर्यंत असू शकतो तो पट्टा) किती रुंद ते बघतो, पी-व्हॅल्यू शेवटी. खूप मोठ्या सॅम्पलमध्ये नगण्य फरकही सिग्निफिकंट येतो, म्हणून हा क्रम. केलेल्या सगळ्या टेस्ट पेपरमध्ये सांगा, फसलेल्या पण.

आणि ०.०७ आली तर ०.०७ च लिहा, "सिग्निफिकन्सच्या दिशेने कल" वगैरे लिहू नका, मी एकदा लिहिलंय, अजून लाज वाटते.