हरिश्चंद्रगडावर कॅमेरा नेताना

डोंगराच्या फोटोत माणूस असावा की नसावा, यावर आमच्या ग्रुपमध्ये दर ट्रेकला वाद होतो. माझं म्हणणं असं, की माणूस असू द्या, पण फ्रेममध्ये लहान. कोकणकडा म्हणजे गडाचा सरळ तुटलेला उंच कडा. त्याचा नुसता फोटो काढलात तर तो किती खोल आहे ते कळतच नाही. मित्राला कड्याच्या काठापासून चांगलं दहा-बारा पावलं आत उभं करा, तुम्ही बाजूला लांब जा आणि झूम करून काढा. काठावर पाय सोडून बसलेले फोटो मी काढत नाही, कुणी कितीही हट्ट केला तरी. खाली डोकवायचंच असेल तर पोटावर झोपून, आणि कॅमेऱ्याचा पट्टा मनगटाला गुंडाळून.

कडा पश्चिमेला तोंड करून आहे. म्हणजे सूर्यास्त समोर, आणि सकाळी ऊन पाठीमागून. इंद्रवज्र बघायचं तर ही सकाळचीच वेळ. खाली दरीत धुकं आणि पाठीशी कोवळं ऊन असलं, की धुक्यावर आपली सावली पडते आणि तिच्याभोवती गोल इंद्रधनुष्य उमटतं. नशिबाचा खेळ आहे, पण तयारी ठेवा. धुक्याच्या पांढऱ्या रंगाला कॅमेरा फसतो आणि फोटो राखाडी काढतो. एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, अर्धा ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) वाढवा. फोनवर धुक्यावर बोट ठेवून उजेडाची पट्टी थोडी वर सरकवली की झालं.

कड्यावरून वर येणाऱ्या वाऱ्यात हलक्या वस्तू परत वर उडतात, म्हणून टोप्या, पिशव्या भिरकावून त्याचे व्हिडिओ करणारे महाभाग भेटतात. जे परत येत नाही ते खाली पायथ्याच्या बेलपाडा गावच्या रानात पडतं, ते उचलायला कोण जाणार?

गडावरच्या माणसांच्या खुणा मात्र जरूर टिपा. जुन्या खुणा, अर्थात. कातळात कोरलेली टाकी, झिजलेल्या पायऱ्या, हरिश्चंद्रेश्वराच्या देवळावरची नक्षी. दगडातलं कोरीव काम भर दुपारी सपाट दिसतं. सकाळी किंवा साडेचारनंतर तिरप्या उन्हात काढा. केदारेश्वराच्या गुहेत पाण्यात भलंमोठं शिवलिंग आहे, भोवतीच्या चार खांबांपैकी एकच धड उरलाय. आत उजेड कमी. फ्लॅश मारलात तर पाणी चकाकतं आणि गुहेचा गूढपणा जातो. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता, १६०० ते ३२०० करा, कोपर गुडघ्यावर टेकवा, श्वास सोडून बटण दाबा. उजेड हवा म्हणून मेणबत्त्या लावू नका, मेण दगडावरून निघत नाही.

आणि नव्या खुणा? कोळशाने लिहिलेली नावं, बदाम, चुलीच्या काजळीने काळी झालेली लेण्यांची छतं. फ्रेममध्ये आल्या तर मी कोन बदलतो, फोटोतून पुसत बसत नाही. पाण्याची बाटली किंवा वेफर्सचं पाकीट आलं तर आधी उचलून सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात टाकतो, मग फोटो. त्यासाठी एक रिकामी पिशवी कायम बरोबर असते. संरक्षित स्मारकावर नाव कोरणं हा गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

सप्टेंबरात पठारावर सोनकी फुलते तेव्हा सगळ्यात जास्त नुकसान आपणच करतो. पिवळ्या गालिच्यात बसून फोटो काढायचा, की तेवढी जागा चेपलीच. पायवाटेवरूनच खाली वाका, कॅमेरा फुलांच्या उंचीवर आणा, मागे डोंगर धूसर ठेवा. मधे शिरायची गरजच पडत नाही. ट्रायपॉडचे पाय कातळावर रोवा, गवतात नको. खाली सरडा किंवा विंचू सापडेल म्हणून दगड उलटू नका. ड्रोन घरीच ठेवा, हे अभयारण्य आहे आणि परवानगीशिवाय तो उडवता येत नाही.

शेवटचं काम घरी आल्यावरचं. फोनच्या फोटोत ठिकाणाची नोंद आपोआप बसते, सोशल मीडियावर टाकण्याआधी ती काढा. नुसतं हरिश्चंद्रगड लिहिलंत तर हरकत नाही, तिथे शनिवारी रात्री तशीही जत्रा असते. पण वाटेत एखादा निवांत डोह किंवा कपारीतलं घरटं सापडलं असेल, तर खाली कुणी ‘लोकेशन?’ विचारलं तरी मी सांगत नाही. काही जण त्यावरून रागावतातही.