वारा पडला की दोरी सोडा

भुसावळ, मुक्ताईनगरकडून शिडाची होडी शिकायला निघालेल्या पोरांना पोहता येतं, गाठी येतात, वाऱ्याची दिशा कळते. ते धरूनच चालतो. गाडं अडतं ते वारा पडल्यावर.

होबी १६ ही दोन सांगाड्यांची शिडाची होडी (कॅटमरान) रेंगाळली की हात आपोआप मेनशीट, म्हणजे मोठं शीड आवळायची दोरी, ओढायला जातो. ओढू नका! मी सर्वांत जास्त काळ इथेच अडकलो, म्हणून जरा लांबण लावतो. या कॅटमरानला पाण्यात खाली उतरणारी फळी नाही. बाजूला सरकण्यापासून तिला रोखतात ते दोन हल, म्हणजे पाण्यात बसणारे दोन लांबट सांगाडे, तेही त्यांच्यावरून पाणी वाहत असेल तरच. वेग नाही तर पकड नाही. शीट आवळली की शिडाची मागची कड बंद होते, वारा शिडाला धरून वाहत नाही आणि होडी पुढे जायच्या ऐवजी आडवी सरकते. सुकाणूही ऐकेनासं होतं. मग तुम्ही आणखी ओढता.

आधी दोरी सोडा, नाक वाऱ्यापासून थोडं पाडा, म्हणजे दूर वळवा, वेग येऊ द्या. वेग वाढला की होडीला लागणारा वारा पुढून येऊ लागतो. तेव्हा, आणि तेवढीच, शीट आत घ्या. खळ्यावर उपणणारा झुळूक आल्यावरच टोपली हलवतो, तसा हात हवा. शिडाच्या दोन्ही बाजूंना वारा दाखवायला चिकटवलेले धाग्याचे तुकडे म्हणजे टेलटेल. वाऱ्याआडची, म्हणजे वारा येतो त्याच्या पलीकडच्या बाजूची, टेलटेल फडफडली तर शीट जास्त आवळलीय. वाऱ्याकडची फडफडली तर थोडी ओढा किंवा नाक पाडा.

दोघंही पुढे सरका, वजन वाऱ्याआडच्या हलकडे न्या. हलची मागची टोकं पाण्याबाहेर आली की पाण्याची ओढ कमी होते. डाउनहॉल, म्हणजे शिडाची पुढची कड खाली ताणणारी दोरी, सैल ठेवा. शिडातल्या पट्ट्या उलट्या अडकल्या तर बूमला, म्हणजे शिडाच्या खालच्या आडव्या दांड्याला, झटका द्या.

काठावरून ‘खेच, खेच’ ओरडणाऱ्या उस्तादापेक्षा शेजारी गप्प बसून टेलटेल बघणारा बरा. महागडं शीड घेऊनही हे सुटत नाही. पण घाबरू नका, इथे ताकद लागत नाही. अंगानं हलकी पोरं मंद वाऱ्यात पुढेच असतात.

हतनूर धरणाच्या फुगवट्यात गाळामुळे पाणी उथळ आहे, त्याला ही होडी सोयीची. पाटबंधारे खात्याची परवानगी आणि लाइफजॅकेट मात्र हवंच. वळताना होडी वाऱ्याच्या तोंडावर थांबली तर जिब, म्हणजे पुढचं छोटं शीड, जुन्याच बाजूला धरून ठेवा, नाक पलीकडे गेल्यावर सोडा आणि मेनशीट ढिली ठेवा. मागे सरकू लागली तर सुकाणूचं काम उलटं होतं, तेवढं ध्यानात ठेवा.