विटा ते नग्गर: थंडीत, घरच्या बोलेरोनं, पाच माणसं

आधी हिशेब सांगते, कारण जो तो पहिलं तेच विचारतो. यंदा २७ जानेवारीला आम्ही सांगली जिल्ह्यातल्या विट्यातून हिमाचलात, मनालीजवळच्या नग्गरला बर्फ बघायला निघालो आणि १३ फेब्रुवारीला परत आलो. मी, हे, सासूबाई (मी त्यांना आत्या म्हणते, वय ६४, बीपीची गोळी चालू), अकरा वर्षांचा मुलगा आणि सात वर्षांची मुलगी. १७ रात्री, जवळपास ४,४०० किलोमीटर, गाडी २०१७ ची बोलेरो. वहीतला आकडा ६६,९५० रुपये. डिझेल २६,४००, मुक्काम ११,५००, खाणं १०,२००, निघण्याआधी गाडीचं काम ६,८००, बर्फाच्या दिवशीची जीप ४,५००, फास्टॅगचा वार्षिक पास ३,०००, भेटवस्तू २,४००, बर्फातले कपडे आणि बूट भाड्यानं १,२५०, बाकी किरकोळ टोल आणि प्रवेशकर ९००.

पाच माणसांच्या १७ रात्रींना ११,५०० म्हणजे काहीतरी लपवतेय असं वाटेल. लपवलेलं नाही. सात रात्री आम्ही गलाईवाल्यांच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळणाऱ्या आपल्या माणसांच्या, घरी राहिलो. खानापूर, आटपाडी, तासगाव, इकडं माण-खटाव, या भागातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. आपल्या दुष्काळी गावांतली माणसं पिढ्यान्पिढ्या सोनं-चांदी गाळायला देशभर गेली. उत्तरेतल्या कुठल्याही सराफ बाजारात जाऊन ‘टंच’ची (सोन्या-चांदीचा कस तपासण्याची) पाटी शोधा, आत बसलेला माणूस बऱ्याचदा आपल्या तालुक्यातलाच निघतो. इंदूरला ह्यांचे मामेभाऊ, जयपूरला माझ्या माहेरच्या गावचे एक दादा-वहिनी, आणि अंबाल्याला त्या वहिनींचे भाऊ, ज्यांना आम्ही आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. तुमच्या गावातही असं कुणीतरी असेल. निघायच्या महिनाभर आधी फोन करा, तारीख सांगा, किती माणसं ते सांगा, आणि जेवणाचं स्पष्ट बोला. त्यांची घरं बाजारातल्या अरुंद गल्लीत असतात, गाडी दारात जात नाही. ती कुठं लावायची हे आधीच विचारून ठेवा. आम्ही इंदुरात रात्री साडेनऊला सराफ्याच्या तोंडाशी पोचलो, तेव्हा दागिन्यांची दुकानं बंद होऊन खाऊच्या गाड्या लागल्या होत्या आणि बोलेरोला पुढंही जाता येईना, मागंही येता येईना.

तारखेचं. डिसेंबरच्या सुट्टीत जाऊ नका. मनालीत तेव्हा गर्दी, खोल्या महाग, आणि बर्फाचा भरवसा नाही. जानेवारीअखेर ते फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा बर्फ मिळायची शक्यता जास्त आणि खोलीचा भाव उतरलेला. मुलांची शाळा बुडते हे खरं. आम्ही २६ जानेवारीचं झेंडावंदन करून दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो, वर्गशिक्षकांना आधी भेटून अभ्यास लिहून घेतला. द्राक्षबाग असेल तर मात्र ही तारीख तुमच्या कामाची नाही, ते तुम्हालाच माहीत.

गाडीवर पैसे वाचवू नका. आपल्याकडं बऱ्याच जुन्या गाड्यांच्या रेडिएटरमध्ये साधं पाणी असतं, उन्हाळ्यात कमी झालं की बाटलीनं ओततो. ते पाणी शून्याखाली गोठतं, फुगतं आणि रेडिएटर, कधी इंजिनचा ब्लॉकसुद्धा फोडतं. मिस्त्रीला सांगून सगळं पाणी काढून, आतून धुऊन, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरून घ्या. काचेवर मारायच्या पाण्याच्या टाकीतही तेच होतं, तिथं थंडीत चालणारं वॉशर लिक्विड टाका. बॅटरी तीन वर्षांची झाली असेल तर तपासून घ्या. थंडीत तिची ताकद घटते आणि नेमकं तेव्हाच इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. डिझेल गाडीला हीटर प्लग नीट हवेत. नग्गरला सकाळी चावी अर्धी फिरवून डॅशबोर्डवरचा हीटरचा पिवळा दिवा विझेपर्यंत थांबायचं आणि मगच स्टार्टर मारायचा, हा नियम ह्यांनी मुलाकडं दिला होता. तो मोठ्यानं ‘विझला!’ म्हणायचा.

डिझेलमध्ये मेण असतं आणि कडक थंडीत ते धरतं, फिल्टर तुंबतो. लडाखसाठी इंडियन ऑइलनं २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं वेगळं डिझेल काढलं, ते याचसाठी. कुल्लू खोऱ्यात आम्हाला त्रास झाला नाही, पण खालचं डिझेल टाकी भरून वर नेऊ नका, थोडी जागा ठेवा आणि वरच्या पंपावर भरा. नव्या डिझेल गाडीत डीईएफ (धूर साफ करायला वेगळ्या टाकीत भरतात ते द्रावण) लागत असेल तर ते उणे ११ला गोठतं, एवढं लक्षात असू द्या.

रस्ता: आम्ही पुण्यात न शिरता मायणी, दहिवडी, फलटण, बारामती, दौंड, नगर, शिर्डी, मनमाड, मालेगाव असं करत धुळ्याला मुक्काम केला. कराडवरून हायवेनं पुणे-नाशिक करूनही जाता येतं. वार्षिक पास असेल तर तोच रस्ता परवडतो, कारण हा पास राष्ट्रीय महामार्गांच्या टोलला चालतो आणि त्यावर २०० वेळा टोलनाकी ओलांडता येतात (आम्ही घेतला तेव्हा ३,००० रुपये होता). राज्याच्या टोलला तो चालत नाही. धुळ्यापुढं सेंधवा, इंदूर, देवास, ब्यावरा, झालावाड, कोटा, जयपूर हा सरळ ५२ नंबरचा महामार्ग. इंदुरात आम्ही मुद्दाम दोन रात्री थांबलो, आत्यांची कंबर दोन दिवसांत धरली होती. म्हातारं माणूस बरोबर असेल तर तिसऱ्या दिवशी गाडी हलवायचीच नाही, असं आधीच ठरवून ठेवा. राजस्थानात डिझेल महाग, हरियाणात स्वस्त, चंदिगडला आणखी स्वस्त. जयपूरहून निघताना हरियाणाच्या हद्दीपर्यंत पुरेल एवढंच भरा.

दिल्लीत जाऊ नका. मुलांना लाल किल्ला बघायचा होता, तरी नाही गेलो. तिथं जुन्या डिझेल गाड्यांवर बंधनं आहेत, आणि हिवाळ्यात हवा बिघडली की ग्रॅपची (प्रदूषण वाढेल तशी पायरीपायरीनं लागणारी बंधनं) तिसरी पायरी लागू होते, तेव्हा बीएस-४ (धुराचं आधीचं मानक) डिझेल गाड्याही बंद. आमची २०१७ ची बीएस-४. जयपूर, कोटपुतळी, नारनौल आणि तिथून १५२-डी नंबरचा नवा रस्ता धरला की दिल्ली बाजूला ठेवून थेट अंबाल्याकडं निघता येतं.

आणि याच रस्त्यावर आम्ही जवळजवळ मेलो होतो, म्हणून पुढचं जरा सविस्तर लिहिते. घरून निघताना सगळ्यांनी बर्फाची भीती घातली होती. धुक्याबद्दल कुणी बोललं नव्हतं. १ फेब्रुवारीला जयपूरहून सहा वाजता निघालो, लवकर पोचू म्हणून. नारनौलच्या अलीकडं धुकं उतरलं. आपल्याकडं कास पठारावर किंवा आंबेनळी घाटात दिसतं तसलं हे धुकं नाही. ते जागचं हलत नाही. बोनेटच्या पुढचं दिसेना. हे वीसच्या स्पीडनं चालवत होते, मी खिडकी उघडून डोकं बाहेर काढून पांढरी पट्टी सांगत होते. अचानक समोर बंद पडलेल्या ट्रकचं मागचं फाळकं आलं, दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. ह्यांनी डावीकडं काढली म्हणून वाचलो. हातभर अंतर असेल. आत्या मागं जप करत होत्या, मुलगी झोपली होती, तिला काहीच कळलं नाही.

त्या दिवसापासून आमचा नियम: राजस्थानच्या उत्तरेपासून पंजाबपर्यंत सकाळी दहाच्या आधी चाक हलवायचं नाही आणि संध्याकाळी पाचला मुक्कामाच्या गावात असायचं. दिवसाला सातच तास मिळतात, म्हणून टप्पा चारशेच्या आत ठेवायचा. तरी वाटेत धुक्यात सापडलात तर लांबचा दिवा लावू नका, प्रकाश धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांवर येतो. जवळचा दिवा आणि फॉग लॅम्प. रस्त्याच्या कडेला थांबायचं नाही, मागचा येऊन ठोकतो. पंप किंवा ढाबा दिसला की रस्ता सोडून पार आत घालायची. परतीला अंबाल्यात आम्ही साडेदहापर्यंत बसून राहिलो. वहिनींच्या भावानं तेवढ्यात मुलाला मुशीत चांदी वितळताना दाखवली.

अंबाल्यापुढं चंदिगडवरून किरतपूर. दुपारी तिथल्या गुरुद्वाऱ्यात लंगरला बसलो. डोक्यावर रुमाल, पाय धुऊन आत, जेवढं खाणार तेवढंच घ्यायचं, आणि जमलं तर नंतर भांडी घासायला उभं राहायचं. आत्या पाऊण तास पोळ्या लाटत बसल्या, त्यांच्या पोळ्या तिथल्या बायकांनी उचलून उचलून बघितल्या. किरतपूर ते नेरचौक आता बोगद्यांचा चौपदरी रस्ता आहे, घाटाचा त्रास बराच वाचतो. हिमाचलच्या हद्दीवर प्रवेशकर लागतो. मंडीला रात्र काढा. मंडीपुढचा पंडोह-औटचा भाग दरडींचा, तो उजेडातच करायचा. मुलांना वळणांवर मळमळतं, त्यावर आमच्याकडं आलेपाकाची वडी होती. ती नग्गरपर्यंत पुरली नाही, जास्त घ्या.

मुक्काम मनालीत करू नका, नग्गरला करा. वीसेक किलोमीटर अलीकडं, नदीच्या डाव्या काठावर, शांत गाव. तिथल्या जुन्या लाकूड-दगडाच्या राजवाड्याजवळ एका घरगुती होमस्टेत पाच जणांची एक मोठी खोली १,२०० रुपयांना मिळाली, पाच रात्री सांगितल्या म्हणून. मनालीत बाहेरच्या गाड्यांना ग्रीन टॅक्सही असतो.

खोलीत ते लोखंडी शेगडी पेटवतात, तिला तिकडं तंदूर म्हणतात, धूर जायला वर पाइप असतो. पाइप असलेलीच हवी. उघड्या कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवून कधीही झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. आम्ही झोपताना तंदूर विझवायचो, खिडकी चार बोटं उघडी आणि अंगावर दोन-दोन रजया. मुलीनं पहिल्या रात्री कुरकुर केली. तरी खिडकी बंद केली नाही.

बर्फाच्या दिवशी आपली गाडी नेऊ नका, हे माझं ठाम मत आहे. बोलेरोला ताकद आहे, पण आमची फक्त मागच्या चाकांवर चालते, आणि आपण आयुष्यात बर्फावर चालवलेलं नाही. बर्फ पडला की पोलीस पुढं फोर बाय फोरच सोडतात. ताज्या बर्फापेक्षा सकाळचं काळं बर्फ वाईट: आदल्या दिवशी वितळलेलं पाणी रात्री गोठतं आणि ते ओल्या डांबरासारखंच दिसतं. स्थानिक ड्रायव्हरची जीप घ्या. आम्ही ४,५०० दिले, सगळ्या प्रवासातला सर्वांत योग्य खर्च. वाटेत रांगेनं दुकानं आहेत, तिथं कोट-पँट आणि गमबूट माणशी २५० ला भाड्यानं मिळाले. आतून लागणारं गरम मात्र इथूनच न्या. हिवाळ्यात आपल्याकडं तिबेटी लोकांचे स्वेटरचे स्टॉल लागतात, तिथं घासाघीस करून घेतलेले स्वेटर आणि कानटोप्या पुरल्या. एक जाड जाकीट घेण्यापेक्षा तीन पातळ थर बरे, आणि पायमोजे दुप्पट. ओला मोजा पायात राहिला की मूल आजारी पडलंच.

जीपनं आम्ही गेलो ते मनालीपुढच्या अटल बोगद्यातून. तो २०२० साली सुरू झाला, ९.०२ किलोमीटर लांब. त्याआधी पलीकडच्या लाहौल खोऱ्यातली माणसं हिवाळ्यात महिनोन्महिने जगापासून तुटलेली असायची, कारण रोहतांग खिंड बंद. अलीकडं देवदारांवर बर्फ होतं. बोगद्यातून पलीकडं आलो तर झाडच नाही, सगळा डोंगर पायापासून माथ्यापर्यंत पांढरा. मुलं ओरडली. आत्या मात्र गप्प झाल्या. पलीकडच्या सिस्सू गावाला उतरून त्यांनी चपटा हात बर्फावर ठेवला आणि म्हणाल्या, ‘आपल्याकडं पाण्यासाठी टँकरच्या मागं पळालो गं आपण, आणि इथं एवढं पाणी नुसतं पडलंय.’ सिस्सू सुमारे ३,१०० मीटरवर आहे. बीपीवाल्या माणसाला तिथं दोन-तीन तास पुरे, मुक्काम नको, चढावर चालणं नको. डॉक्टरांना निघण्याआधी विचारून घेतलं होतं.

७ तारखेला बर्फवृष्टी झाली आणि वीज गेली. परतायचं होतं ६ च्या रात्रीनंतर, पण आम्ही एक दिवस शिल्लकच धरला होता. तुम्हीही धरा, शक्यतो दोन. रोख पैसे जवळ ठेवा, वीज गेली की मोबाइलनं पैसे जात नाहीत. गाडीचा हँडब्रेक रात्रभर ओढून ठेवू नका, गोठून धरतो. पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि चाकामागं दगड लावा.

खाण्याचं थोडक्यात. घरून ज्वारीच्या कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, भडंग आणि मेतकूट. रोज दुपारचं जेवण त्यावर, रात्रीचं गरम. होमस्टेच्या ताईंनी तूप घातलेला सिड्डू (कणकेची वाफवलेली जाड रोटी) खाऊ घातला, त्यांना आम्ही तासगावचे बेदाणे आणि सांगलीची हळद दिली. हळद त्यांनी नाकाशी नेऊन दोनदा हुंगली. प्रत्येक घरासाठी अर्धा किलो हळद, एक किलो बेदाणे आणि कंदी पेढ्यांचा डबा वेगळा बांधून ठेवा. परमुलखात राहिलेल्या आपल्या माणसांच्या हातात पैशांचं पाकीट ठेवाल तर त्यांना वाईट वाटतं. अंबाल्याच्या भावांनी पेढ्याचा डबा आधी देवापुढं ठेवला.

ते सगळे चैत्रात गावच्या यात्रेला येतात. अंबाल्याची माणसं यंदा आमच्याकडं उतरणार आहेत, माडीवरची खोली मी आत्ताच रंगवून घेतली आहे.