प्रोग्रामचा प्रश्न कुणाकडे न्यायचा

‘काकू, चालतं नथी’ एवढंच सांगायला लॅपटॉप घेऊन येऊ नका, असं मी बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या पोरांना बजावून ठेवलंय. आधी ठरवा, प्रश्न मशीनचा, भाषेचा की हिशेबाचा? तिन्हींसाठी माणसं वेगळी लागतात.

मशीनचा प्रश्न ओळखायला सोपा. फक्त ‘नमस्कार’ छापणारा एका ओळीचा प्रोग्राम लिहा. तोही चालेना तर तुमच्या कोडचा काही दोष नाही. विंडोजवर पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा टाकताना ‘ॲड टू पाथ’ची (पायथन कुठे आहे ते विंडोजला सांगणारी) खूण राहिली की कमांड ओळखतच नाही. याला कॉलेजचे सर नकोत, तुमच्यासारखाच लॅपटॉप वापरणारा सीनिअर गाठा.

‘नमस्कार’ छापला गेला तरी एक भानगड उरते. टर्बो सी आणि जीसीसी हे दोन्ही सी भाषेचे कंपायलर, म्हणजे कोड मशीनला कळेल असा करून देणारे. लॅबमध्ये टर्बो सी आणि घरी जीसीसी असेल, तर लॅबमधला प्रोग्राम घरी अडतो. ‘कोनिओ’ची हेडर फाइल (प्रोग्रामच्या सुरुवातीला जोडायची तयार फाइल) आणि स्क्रीन पुसणारं ‘सीएलआरएससीआर’ हे सी भाषेच्या स्टँडर्डमध्ये नाहीच. पोरांना उगाच वाटतं, आपलं सी कच्चं. दोन्ही कंपायलर वापरलेल्याला विचारा, तो त्या ओळी उडवायला सांगेल.

भाषेचा प्रश्न असेल तर बहुधा लाल अक्षरं येतात. ती वाचा हो, कुणी वाचतच नाही! पायथनमध्ये शेवटची ओळ आधी वाचायची, चूक कसली ते तिथे असतं, आणि ओळीचा नंबर तिच्या वर. सीमध्ये अर्धविराम राहिला तर कंपायलर बऱ्याचदा पुढच्या ओळीवर बोट ठेवतो, म्हणून एक ओळ मागेही पाहा. ‘प्रिंट’ला कंस नाही म्हणून अडलं, तर तुमचं पुस्तक पायथन २ च्या काळातलं असणार. त्या जुन्या व्हर्जनचा सपोर्ट १ जानेवारी २०२० ला संपला. हे सगळं ती भाषा शिकवणाऱ्याकडे न्या, व्हर्जनसकट.

खरा घोळ होतो तो एरर नसताना उत्तर चुकलं की. इथे कागद काढा. व्हेरिएबलांचे, म्हणजे किमती साठवणाऱ्या नावांचे, रकाने आखा आणि तुम्हीच मशीन होऊन एकेक ओळ चालवा. कागदावर बरोबर आणि स्क्रीनवर चूक, तर प्रश्न पुन्हा भाषेचाच. सीमध्ये ७ आणि ८ ची सरासरी ७ येते, कारण पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की अपूर्णांक गळतो. पायथनमध्ये ५ आणि ५ ची बेरीज ५५ येते, कारण टाइप केलेलं घेणारं ‘इनपुट’ आकडा देत नाही, अक्षरं देतं.

कागदावरही चुकलं, तर प्रश्न हिशेबाचा, त्याला मात्र कॉम्प्युटरवाल्याची गरजच नाही. शेजारच्या मुलाचा लीप वर्षाचा प्रोग्राम १९०० ला लीप म्हणत होता. मी त्याला समोरच्या आजोबांकडे पाठवलं. बँकेतून रिटायर झालेले, माउसला हातही न लावणारे. ‘अरे, शंभराने भाग गेला की चारशेनेही जायला हवा, म्हणून २००० लीप, १९०० नाही,’ झोपाळ्यावरून न उठता त्यांनी सांगितलं. पोरगं एक अट वाढवून मोकळं झालं.

कुणाकडेही गेलात तरी काय दिलं, काय यायला हवं होतं आणि काय आलं, हे तीन वाक्यांत सांगा. स्क्रीनचा तिरका फोटो व्हॉट्सॲपवर टाकू नका, एरर कॉपी करून पाठवा. आणि दोनशे ओळी कुणी वाचत नाही, नडणारा तुकडाच वेगळा काढा. निम्म्या वेळा तो काढतानाच चूक सापडते, मग माझ्याकडे यायचा जिना वाचतो.

एवढं करूनही प्रश्न कुठल्याच खणात बसेना, तर फाइलचं नाव बघा. पायथनचं ‘रँडम’ मॉड्यूल (कुठलाही आकडा उचलून देणारा तयार कोड) शिकताना मुलं फाइललाही रँडम हेच नाव देतात. मग पायथन मूळ मॉड्यूल सोडून तुमचीच फाइल उचलतं आणि मूळ मॉड्यूलमधलं आकडा काढणारं ‘रँडइंट’ सापडत नाही म्हणून ओरडतं. नाव बदला, पुन्हा चालवा.