सिनेमा बघून आलात? मग असं सांगा

आमचा सहा जणांचा गट आहे. शो सुटला की थिएटरसमोरच्या टपरीवर कटिंग घ्यायचा आणि एकेकाने बोलायचं. पहिली वाक्यं ठरलेली: ‘पैसा वसूल’, ‘डोक्यावरून गेला’, ‘इंटरव्हलनंतर ढेपाळला’. चहा हातात येईपर्यंत ती ठीक आहेत. पण एवढ्यावर कुणी तिकीट काढू नये, आणि बेत रद्द तर मुळीच करू नये.

माझ्या एका वाक्याने तसं झालंय. २०१५ च्या एप्रिलमध्ये चैतन्य ताम्हाणेचा ‘कोर्ट’ लागला होता. मैत्रिणीने फोन केला, ‘कसा आहे गं?’ मी म्हणाले, ‘चांगलाय, पण फार संथ.’ ती गेलीच नाही. नंतर मला वाटलं, आपण दोघींनी मिळून जावं, तर तोवर आमच्याकडून उतरलाही होता. या बाईने वीस वर्षं तालुक्याच्या कोर्टात स्टेनोचं काम केलंय. आमच्या ओळखीत तो सिनेमा तिच्याइतका दुसऱ्या कुणाचा नव्हता. ही हळहळ अजून गेलेली नाही.

म्हणून माझं पहिलं सांगणं: आधी निकाल देऊ नका, एक सीन सांगा. ‘संथ’ म्हणण्याऐवजी मी म्हणायला हवं होतं की कॅमेरा एका जागी ठाण मांडून असतो, पुकारा होतो, तारीख पडते, पुढची केस येते, आणि बाकावर बसून आपला नंबर येण्याची वाट बघावी तसा वेळ जातो. सरकारी वकीलबाई दिवसभर आरोपीविरुद्ध कलमं वाचते आणि संध्याकाळी लोकलने घरी जाऊन स्वयंपाकाला लागते. गीतांजली कुलकर्णीने ते इतकं साधं केलंय की तिथे मला त्या बाईचा नुसता राग करता येईना. एवढं ऐकलं असतं तर मैत्रीण दुसऱ्याच दिवशी गेली असती. आणि ज्याला हे नकोसं वाटेल त्यालाही कळलं असतं की आपण दुसरं काही बघावं.

दुसरं, कुठे आणि कशावर पाहिलात ते सांगा. त्याच वर्षी जूनमध्ये ‘किल्ला’ आला. दिग्दर्शन आणि छायाचित्रण दोन्ही अविनाश अरुणचं. बाहेर पाऊस, पडद्यावर कोकणातला पाऊस. तो मुलगा किल्ल्यावर एकटा पडतो तेव्हा पावसाच्या आवाजाने मी खुर्चीचे हात घट्ट धरले होते. पुढे कधीतरी भाचा म्हणाला, ‘मावशी, त्यात काही घडतच नाही.’ अर्धा तास वाद घातला, मग कळलं की त्याने तो एसटीत, मोबाइलवर, एका कानात इअरफोन घालून पाहिला होता. आम्ही दोन वेगळे सिनेमे पाहिले होते. हे आधीच बोललं असतं तर वाद झालाच नसता.

समोरचा कोण आहे तेही बघा. माझ्या आत्याला रक्त बघवत नाही, शेजारणीबरोबर सात वर्षांची मुलगी असते. त्यांना अभिनयाबद्दल नंतर सांगा, आधी मारामारी किती आहे आणि आवाज किती मोठा आहे ते सांगा.

शेवट फोडायचा नाही हे सगळेच पाळतात. पण ‘शेवटी जबरदस्त धक्का आहे हं’ हेही फोडणंच आहे. माणूस पहिल्या मिनिटापासून त्या धक्क्याची वाट बघत बसतो आणि मधलं सगळं निसटतं.

मत जुळलं नाही तर ‘तुला कळलाच नाही’ हे वाक्य तोंडून काढू नका. ‘कुठल्या सीनला तुझं मन उडालं?’ असं विचारा. आमच्या गटात या एका प्रश्नावर दुसरा चहा होतो. कधी समोरच्याने दाखवलेली जागा खरोखर कच्ची निघते, आणि ते तिथेच मान्य करावं.

गेल्या वर्षी मैत्रिणीला घरी बोलावून ‘कोर्ट’ लावला. या वेळी आधी एवढंच सांगितलं: कोर्टाला सुट्टी लागते, दिवे मालवतात, खोली अंधारते. तेव्हा उठू नकोस, सिनेमा संपलेला नाही. थिएटरात आमच्या रांगेतले चौघे तिथेच उठून गेले होते. तो सीन आला. एकेक दिवा गेला, माणसं निघून गेली, आणि रिकामं कोर्ट काळोखात तसंच राहिलं. ती पडद्यावरची नजर न काढता हळूच म्हणाली, ‘मे महिना.’