जुन्या सिल्व्हराडोचा सर्पंटाइन बेल्ट बदलताना

१९९९ ते २००६ या मॉडेल-वर्षांतील शेव्हरोले सिल्व्हराडो १५०० हा पिकअप ट्रक अमेरिकेतील रस्त्यांवर आजही सर्रास दिसतो. त्याच्या ५.३ लिटरच्या व्ही-८ इंजिनाच्या पुढच्या बाजूला एकच लांब बेल्ट, म्हणजेच सर्पंटाइन बेल्ट, अनेक पुलींना (बेल्टने फिरणाऱ्या चाकांना) वळसे घालत फिरतो आणि अल्टरनेटर, पॉवर स्टीअरिंगचा पंप व पाण्याचा पंप हे तिन्ही त्याच्याच जोरावर चालतात. हा बेल्ट तुटला की बॅटरी चार्ज होणे थांबते, स्टीअरिंग जड होते आणि पाणी फिरेनासे झाल्याने इंजिन काही मिनिटांत तापते. बेल्ट बदलण्याचे काम घरच्या घरी, साधारण तासाभरात होण्यासारखे आहे. परंतु बेल्ट उतरलेला असताना प्रत्येक पुली हाताने फिरवून तपासणे हाच या कामाचा खरा गाभा आहे, असे माझे ठाम मत आहे.

बेल्टच्या आतल्या बाजूला लांबीच्या दिशेने सहा उंच रेषा असतात. त्यांना रिब म्हणतात. पूर्वीचे निओप्रीनचे बेल्ट जुने झाले की त्यांना आडव्या भेगा पडत आणि त्या सहज दिसत. आता मिळणारे बेल्ट ईपीडीएम रबराचे असतात आणि ते भेगा न पडताही झिजतात. त्यामुळे केवळ भेगा नाहीत म्हणून बेल्ट चांगला समजू नये. दोन रिबांमधली खाच रुंद आणि गोलसर झाली असेल, तर बेल्ट बदलण्याची वेळ आली आहे. साधारणपणे ६०,००० मैलांनंतर बेल्ट नीट तपासावा आणि ९०,००० ते १,००,००० मैलांच्या आत तो बदलावा.

नवा बेल्ट घेताना दुकानात मॉडेल आणि वर्षाबरोबर इंजिनाचा प्रकारही सांगावा. वाहन ओळख क्रमांकातील (व्हीआयएन; नंबर प्लेटवरचा क्रमांक नव्हे) आठवे अक्षर इंजिन कोणते ते दाखवते. बेल्टवर ६पीके२३४५ असे काही छापलेले असेल, तर त्याचा अर्थ सहा रिब आणि २,३४५ मिलिमीटर लांबी असा होतो. घरी आल्यावर जुना आणि नवा बेल्ट एकाच खिळ्याला टांगून लांबी ताडून पाहावी. मला एकदा दुकानातून चार बोटे लांब बेल्ट मिळाला होता आणि तो चढवून झाल्यावरच ते माझ्या लक्षात आले. तेव्हापासून जुना बेल्ट शेजारी टांगल्याशिवाय मी नवा बेल्ट वापरायला घेत नाही.

गाडी सपाट जागी उभी करून, हँडब्रेक लावून, इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. किल्ली काढून खिशात ठेवावी आणि ८ मिलिमीटरच्या पान्याने बॅटरीची ऋण तार सोडावी. बॉनेटखाली बेल्टच्या मार्गाची आकृती असलेले स्टिकर असते, पण वीस वर्षांच्या गाडीत ते बहुधा फिकट झालेले किंवा निघून गेलेले असते. म्हणून बेल्टला हात लावण्यापूर्वी मोबाइलवर दोन-तीन छायाचित्रे घ्यावीत आणि कागदावर मार्ग काढूनही ठेवावा. एअर फिल्टरपासून इंजिनाकडे जाणारी जाड नळी क्लॅम्प सैल करून काढली, की हात घालायला पुरेशी जागा होते. उघड्या पडलेल्या थ्रॉटल बॉडीच्या (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेच्या) तोंडावर मात्र स्वच्छ फडके ठेवावे.

टेन्शनर म्हणजे बेल्ट ताणून धरणारा स्प्रिंगचा हात; त्याच्या पुलीमधल्या बोल्टवर १५ मिलिमीटरचा सॉकेट आणि लांब दांड्याचा रॅचेट बसवावा. दांडा सावकाश ओढून टेन्शनरचा अख्खा हात स्प्रिंगविरुद्ध सरकतो आहे ना, ते पाहावे. नुसताच बोल्ट फिरू लागला, तर आपण उलट दिशेला जोर लावत आहोत असे समजून लगेच थांबावे. बेल्ट सैल होताच तो हाताशी असलेल्या वरच्या पुलीवरून सरकवावा आणि टेन्शनर हळूहळू मूळ जागी येऊ द्यावा. तो झटक्याने सोडल्यास बोटे चिरडू शकतात. इंजिनावर चालणारा पंखा असेल, तर पंखा न काढता बेल्ट एकेका पात्यावरून पुढे काढता येतो. एअर कंडिशनरचा चार रिबांचा वेगळा बेल्ट याच्या मागे असतो. तोही जुना असेल, तर आताच बदलावा, कारण त्यासाठी पुढचा बेल्ट उतरवावाच लागतो.

आता पुलींकडे वळावे आणि इथे घाई करू नये. आयडलर (बेल्टला नुसते वळण देणारी मोकळी पुली) आणि टेन्शनरची पुली बोटाने फिरवावी. चांगली पुली आवाज न करता फिरते आणि लवकर थांबते. बोटाला खरखर जाणवली किंवा पुली भिंगरीसारखी सैल फिरत राहिली, तर बेअरिंगमधले ग्रीस संपले आहे. पाण्याच्या पंपाची पुली दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे हलवावी. ती डुलत असेल किंवा पंपाच्या खालच्या छिद्राशी नारिंगी पापुद्रा वाळलेला दिसला, तर पंप गळू लागला आहे. या गाड्यांत मुळात भरलेले डेक्स-कूल हे शीतक नारिंगी रंगाचे असते. बेल्टवर तेल आलेले असेल, तर आधी गळती थांबवावी, कारण तेलाने रबर फुगते.

नवा बेल्ट चढवताना नियम सोपा आहे: खाचांच्या पुलीवर रिबांची बाजू आणि गुळगुळीत पुलीवर बेल्टची पाठ. या इंजिनात पाण्याच्या पंपाची पुली गुळगुळीत आहे, त्यामुळे तिथे पाठच बसते. एक वरची पुली शेवटी ठेवून बाकी सर्व पुलींवर बेल्ट घालावा, टेन्शनर दाबून धरावा आणि शेवटच्या पुलीवर बेल्ट सरकवावा. त्यानंतर टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन प्रत्येक पुली पाहावी. बेल्ट एका खाचेने जरी बाजूला बसला, तरी थोड्याच अंतरात त्याची कड उसवते, आणि खाली क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) पुलीवरची ही चूक वरून दिसत नाही.

नळी पुन्हा जोडताना थ्रॉटल बॉडीवरचे फडके काढल्याची खात्री करावी. बॅटरी जोडून, हत्यारे बाजूला झाल्याची खात्री करून, इंजिन दहा सेकंद चालवावे, बंद करावे आणि बेल्ट पुन्हा पाहावा. चिवचिव आवाज येत असेल, तर बाहेरूनच फवाऱ्याने रिबांवर थोडे पाणी मारावे. आवाज क्षणभर थांबून परत आला, तर पुली एका रेषेत नाहीत. पाणी पडताच आवाज वाढला, तर बेल्ट घसरतो आहे आणि टेन्शनरची स्प्रिंग कमजोर झाली आहे. अशा वेळी बेल्टवर मारायचा चिकट स्प्रे वापरू नये; त्याने आवाज काही दिवस दबतो आणि धूळ मात्र चिकटत राहते.

बदलल्याची तारीख आणि मैलांचा आकडा कागदी चिकटपट्टीवर लिहून ती बॉनेटच्या आतल्या बाजूला लावावी. उतरवलेला बेल्ट तुटण्याच्या बेतात नसेल, तर तो आणि १५ मिलिमीटरचा सॉकेट सीटमागे ठेवावा.